परतीचं तिकीट

कोऱ्या चकचकीत कागदाचा वास आला की मला बेंगळूरचं चिकपेट आठवतं. साठच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन महिना झाला होता, नवरा विलायतेला पुढे गेला होता आणि मला मागून बोटीनं जायचं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्या कापडदुकानाच्या गादीवर बोटींची रंगीत पत्रकं पसरून बसले होते. एक बोट अवाढव्य, झटकन पोचवणारी. दुसरी लहान, बंदराबंदराला रेंगाळणारी, पण परतीचं तिकीट घेतलं तर सवलत. अण्णा एक उचलत, दुसरं ठेवत. मी दारापासून कपाटापर्यंत नुसत्या येरझारा घालत होते. कुठली बोट, हे जो तो विचारत होता. जायचंय का, हे कुणीच नाही. शेवटी अण्णा म्हणाले, "मोठीच बरी. एकेरी काढू." जेवणाचा डबा घेऊन आलेली आई पायरीवरूनच आमच्या कानडीमिश्रित मराठीत कडाडली, "स्वल्प थांबा! आपल्यात बाई बाजारात निघाली तरी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणते. आणि पोरीला एकेरी तिकिटावर धाडताय?" "अगं, नवरा आहे तिथं. परतीचं वापरणार कधी?" "न वापरू दे. जवळ असू दे." अण्णांनी मोठ्या बोटीचं पत्रक घडी घालून बाजूला ठेवलं आणि कानडीतच म्हणाले, "सरी." म्हणजे बरं, लहान बोटीचं परतीचंच काढू. तेव्हा कुठे मी खाली बसले. परवा नातीनं सहलीच्या बोटींची तसलीच चकचकीत पत्रकं माझ्यापुढे टाकली. "आजी, मोठी घेऊ की स्वस्त?" मी विचारलं, "परत कुठे आणून सोडतात?" ती हसली, "जिथून निघते तिथेच." म्हटलं, "मग कुठलीही घे."