वय एकवीस, शाळा नाही

"म्हण," बाई म्हणाल्या. "वय एकवीस. शाळेत कधी गेले नाही. म्हण."

मी म्हटलं. हळू म्हटलं.

"मोठ्यानं. साहेब विचारतील तेव्हा असं पुटपुटून चालणार नाही."

हॉलमध्ये पाहुणे बसले होते. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो खाली ठेवू का, असं विचारायची सोय नव्हती. ट्रे धरूनच मी म्हटलं, "वय एकवीस. शाळेत कधी गेले नाही."

"लिहिता येतं का?" बाईंनी साहेबासारखा घोगरा आवाज काढला.

"नाही. अंगठा उठवते."

पाहुणे हसले. एका काकांनी विचारलं, "आणि टायगरचं काय? कुत्रं नेता येतं का हो तिकडं?"

"नाही ना," डॉक्टर म्हणाले. "फार भानगडी आहेत. त्याला इथंच कुणाकडं तरी ठेवायचा."

"म्हणजे ही टायगरपेक्षा भाग्यवान!"

परत हसले सगळे. मीही हसले. न हसून जाणार कुठं?

मी सोळा वर्षांची होते. दहावीत होते. त्याच सकाळी भूमितीची चाचणी देऊन आले होते.

डॉक्टरांचा बंगला ताराबाई पार्कात होता. बंगल्यामागं मोटारीचं गॅरेज, आणि गॅरेजला चिकटून आमची खोली. आई बंगल्यातली धुणीभांडी करायची. आबा, म्हणजे माझे वडील, डॉक्टरांच्या दवाखान्यात झाडलोट करायचे, पेशंटांचे नंबर पुकारायचे, संध्याकाळी बागेला पाणी घालायचे. आम्ही राधानगरीकडचे. गावात महारवाड्यात राहायचो, नंतर बौद्ध झालो. मी लहान असताना आबांना क्षय झाला. खोकल्याबरोबर रक्त पडायचं. कुणीतरी ह्या डॉक्टरांकडं आणलं. डॉक्टरांनी आबांना बरं केलं, काम दिलं, खोली दिली. हे सगळं खरं आहे. मी नाकारत नाही.

पण ते दर सणाला सांगितलं जायचं. दिवाळीला फराळाची पुडी देताना बाई म्हणायच्या, "गणपत, तू आज आहेस तो कुणामुळं?" आबा हात जोडायचे. "तुमच्यामुळं, बाईसाब." मग पुडी मिळायची.

बाई पाहुण्यांना आणखी एक सांगायच्या. "आमच्याकडं जातपात नाही हं. ही सरळ स्वयंपाकघरात येते." मी स्वयंपाकघरात जायची हे खरंच. भांडी तिथंच असायची.

डॉक्टरांची मुलगी नीलू. माझ्याच वयाची, किंबहुना दोन महिन्यांनी धाकटी. पण मी तिला नीलूताई म्हणायचं. ती कॉन्व्हेंटमध्ये दहावीला, मी नगरपालिकेच्या शाळेतून पुढं मुलींच्या हायस्कुलात दहावीला. लहानपणी आम्ही गॅरेजमध्ये भातुकली खेळलो. मोठेपणी ती अभ्यास करायची आणि मी तिच्या खोलीचा केर काढायची. तिची वेणी मी घालायची. कधी कधी ती माझ्याशी खूप बोलायची. मला वाटायचं, ही माझी मैत्रीण.

डॉक्टरांना कुवेतला मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली. बंगल्यात आनंदीआनंद. फक्त नीलू रडत बसली. दहावीचं वर्ष. मैत्रिणी इथं, क्लास इथं. रोज जेवताना तोच विषय. मी पोळ्या वाढत असायची.

"तिचं एक वर्षही वाया जाता कामा नये," डॉक्टर म्हणायचे. "तिथं आपल्या लोकांची शाळा आहे. मी प्रिन्सिपॉलांना तार केली आहे."

"पण ह्या वयात मुलीला असं उपटून न्यायचं म्हणजे..." बाईंचे डोळे भरायचे. "किती नाजूक वय असतं."

एक दिवस नीलू म्हणाली, "ही आली तर मी येते. नाहीतर मी येणारच नाही."

ही म्हणजे मी. मी तिच्या ताटात पोळी वाढत होते.

बाई आणि डॉक्टरांनी एकमेकांकडं बघितलं. बाईंचा चेहराच फुलला. "अगं खरंच की! कामालाही बाई हवीच आहे. आणि नीलूला सोबत होईल." मला कुणी विचारलं नाही. डॉक्टरांनी आबांना हाक मारली. आबा दारात उभे राहिले. "गणपत, पोरीला विमानात बसवतो तुझ्या." आबांनी हात जोडले. झालं. ठरलं.

खोटं कशाला बोलू, मला पहिले दोन दिवस गुदगुल्या झाल्या. विमान! मग धीर करून मी बाईंना विचारलं. त्या कपड्यांची पेटी भरत होत्या.

"बाई, मला तिथं शाळेत घालणार?"

बाई वळल्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांना हसू आलं. "अगं वेडे, तिथली शाळा काय म्युनिसिपालटीची आहे?"

"मग माझी दहावी?"

"चार वर्षांनी आपण परत येऊच की. तेव्हा बस. परीक्षा कुठं पळून जाते?"

एका बाजूला नीलूचं एक वर्ष. दुसऱ्या बाजूला माझी चार. आणि बाई साड्यांच्या घड्या घालत होत्या.

सांगायचं कुणाला? वस्तीत आत्याकडं गेले तर बायका जमल्या. "नशीब काढलंस बाई! आमच्या पोरी भाजीच्या पाट्या उचलत्यात, आन् तू इमानात!" शाळेत वर्गबाईंना सांगितलं. त्या वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरं झालं की. नाहीतर दहावी करून तरी काय करणार होतीस? तुझे मार्क बघ." माझे मार्क पन्नासच्या आसपास. मी हुशार नव्हते. हे मुद्दाम सांगते. लोकांना वाटतं, शिकायचा हक्क असायला आमच्या पोरींनी पहिला नंबर काढायला पाहिजे. नीलूचा तरी कुठं पहिला नंबर होता?

आईला सांगितलं. आई चुलीपुढं होती.

"मला न्हाय जायचं."

"आबास्नी सांग."

"तू सांग की."

"माझं कोण ऐकतंय व्हय?" ती बराच वेळ फुंकणीनं फुंकत राहिली. चूल पेटलेलीच होती.

आबांना सांगितलं. ते बसल्याजागी लहान झाल्यासारखे दिसले. "पोरी, माझा जीव त्यांनी वाचिवला. आता त्येंनी काय मागितलं तर न्हाय कुठल्या तोंडानं म्हनू?"

"जीव तुमचा वाचिवला आबा. मग मला का मागत्यात?"

आबा उठून बागेत गेले. पाण्याची नळी हातात घेऊन उभे राहिले. पाणी सोडलंच नव्हतं.

खोलीला दार होतं, पण आतून कडी नव्हती. बाईंना कधीही यावं लागायचं, म्हणून लावलीच नव्हती. मी दुपारी शाळेतून यायची, आणि वाटायचं, भिंती दोन बोटं पुढं आल्यात.

आवराआवरीचे दिवस. बाईंनी रद्दीवाल्याला बोलावलं. मी शाळेतून आले तर पोर्चमध्ये वर्तमानपत्रांचे गठ्ठे, जुनी मासिकं, आणि तराजूच्या पारड्यात माझं इतिहासाचं पुस्तक. खाली बीजगणित. खाली मराठीचं. कव्हरं मी स्वतः घातलेली, सिनेमाच्या जुन्या जाहिरातीच्या कागदाची.

"ही माझी हायत."

"हो गं," बाई म्हणाल्या. "खोलीत पडली होती. आता त्यांचं काय काम? म्हटलं, जाऊ देत ह्यांच्याबरोबर."

रद्दीवाला माझ्याकडं बघत थांबला. त्यानं विचारलं, "घेऊ का नको?" बाई म्हणाल्या, "घ्या, घ्या." आणि त्यानं घेतली. त्याचा काय दोष? मी पळत जाऊन ओढून घेतली असती. पाय हलले नाहीत. गाडा फाटकातून बाहेर गेला तेव्हा हलले.

त्या दिवशी मी जेवले नाही. कुणाला कळलंही नाही.

मग पासपोर्टसाठी पोलीस चौकशी आली. कामाला न्यायची बाई सज्ञान लागायची, शिकणारी पोर चालायची नाही, म्हणून तर ते एकवीसचं पाठांतर. चौकीत जाऊन जबाब द्यायचा. डॉक्टर स्वतः मोटारीनं घेऊन गेले. मी आणि आबा मागच्या सीटवर. आबा पहिल्यांदाच त्या गाडीत बसले होते. सीटला पाठ टेकली नाही त्यांनी. वाटेत डॉक्टर म्हणाले, "पाठ आहे ना?"

"व्हय."

"व्हय नाही. हो."

फौजदार डॉक्टरांचे पेशंट होते. उठून उभे राहिले, खुर्ची दिली, चहा मागवला. आबा भिंतीला टेकून उभे. मी टेबलापुढं.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही कशाला तसदी घेतली? नुसतं सांगायचं." फौजदारांनी पेन उघडलं. माझ्याकडं बघितलं. "हां. वय?"

चहावाल्यानं कप ठेवले. दोन कप.

"सोळा," मी म्हटलं.

फौजदार थांबले. डॉक्टर हसले. "घाबरली आहे. एकवीस."

"सोळा," मी म्हटलं. "दहावीत हाय. मला लिवता येतं. वाचताबी येतं."

आवाज माझाच होता का, कळेना. फौजदारांनी डॉक्टरांकडं बघून डोळा मारल्यासारखं केलं. "पोरगी लाजली. लिहून टाकतो मी एकवीस."

"तुमी एकवीस लिवा सायब. मी मुंबईत सोळाच सांगणार. इमानात बसताना सोळा सांगणार. तिकडं उतरल्यावरबी सोळाच सांगणार. शाळेचं नाव सांगणार, वर्गबाईंचं नाव सांगणार."

फौजदारांनी पेनला टोपण लावलं. माणूस सावध होता. "डॉक्टरसाहेब, हे आधी घरी बसून नीट मिटवून घ्या," म्हणाले.

बाहेर आलो. चौकीच्या आवारात आबांनी मला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा. गालावर, मग पाठीत. डॉक्टरांना दिसेल असं मारलं. मारता मारता ते डॉक्टरांकडं बघत होते, पुरे झालं का अशा नजरेनं. मला त्या माराचं काही वाटलं नाही. त्या नजरेचं वाटलं. आजही वाटतं.

डॉक्टर म्हणाले, "कृतघ्न." आम्हाला तिथंच सोडून मोटार गेली. आम्ही चालत आलो. येईपर्यंत बाईंना सगळं कळलं होतं. आई अंगणात भांडी घासत होती, तिला त्यांनी अर्ध्यावर उठवलं. "गणपत, खोली मोकळी कर. आणि उद्यापासून दवाखान्यात येऊ नकोस."

आबा पाया पडले. माझ्याकडं बोट करून म्हणाले, "तिला समजावतो." मी म्हटलं, "समजावू नगा. मी न्हाय जाणार."

सामान होतं किती? दोन ट्रंका, एक वळकटी, भांडी. आईनं ट्रंक उचलली आणि माझ्या आधी फाटकाबाहेर पडली.

व्हरांड्यात नीलू उभी होती. रडलेली. "तू माझी मैत्रीण ना? तुझ्यामुळं आता मला एकटीला जावं लागणार."

आम्ही कुठं चाललोय, हे तिनं विचारलं नाही.

"मैत्रीण असते तर मला शाळेत घाला म्हणाली असतीस," मी म्हटलं. नीलूताई म्हटलं नाही.

नंतर कळलं, नीलू एकटी गेलीच नाही. पुण्याला मावशीकडं राहून तिनं दहावी केली. परीक्षा झाल्यावर कुवेतला गेली. म्हणजे वाट होती. पहिल्यापासून होती. फक्त मी फुकटात मिळते म्हटल्यावर ती कुणी शोधली नव्हती.

आम्ही आत्याच्या खोलीत राहिलो. सात माणसं. आईनं नवी घरं धरली. आबा लाकडाच्या वखारीवर राखणदार झाले. आत्या रोज म्हणायची, "पोरीनं सोन्यासारखं घर घालिवलं." मी वर्गातल्या एकीची पुस्तकं संध्याकाळी आणायची आणि ती झोपायच्या आधी परत करायची. दहावीला इंग्रजीत नापास झाले. वस्ती हसली. ऑक्टोबरला बसले, सुटले. पेढे वाटले नाहीत.

पुढं मी नर्सिंगला अर्ज केला, त्याच सुमारास आबांचा खोकला परत आला. वखारीतली धूळ. एक दिवस रुमालाला लाल डाग. आत्या म्हणाली, "ते डॉक्टर सुटीवर आल्यात म्हनं. जा, पाय धर. न्हायतर बापाला खाशील."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "सांगावं का सायबास्नी?"

मला रडू येत होतं. भीती वाटत होती. आबा मेले तर तो दोष माझ्याच माथ्यावर येणार, हे मला माहीत होतं. तरी मी म्हटलं, "न्हाय आबा. रांगेत उभं ऱ्हायाचं."

सरकारी दवाखान्यात सकाळी गेलो. रांग फाटकापर्यंत. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "कुणाची चिठ्ठी?"

"कुणाची न्हाय."

"मग थांबावं लागेल."

"थांबतो."

थांबलो. ऊन चढलं. आबा माझ्या खांद्यावर रेलून उभे होते. फार हलके झाले होते. पुढं त्यांना औषध मिळालं, पण त्यांनी मला माफ केलं असं मला कधी वाटलं नाही. मीही मागितली नाही माफी.

त्या रांगेत उभ्या उभ्या मी ठरवून टाकलं. ज्या औषधाबदल्यात घरातलं माणूस द्यावं लागतं, ते औषध आमच्या घरात येणार नाही. जे आमच्या हक्काचं आहे ते मागायचं. हात न जोडता मागायचं. दिलं नाही तर खिडकीपुढून हलायचं नाही. मागचा कितीही ढकलू दे.