काकूंच्या पोळीचा नवा भाव

परदेशात शिकत असतानाचा पिस्कॅटवेतला तो हिवाळा आठवला की आधी काकूंच्या स्वयंपाकघराची वाफेनं धुरकटलेली काच दिसते. बाहेर बर्फ, आत तव्यावर फुगणारी पोळी, आणि मी ओट्याशी लॅपटॉप उघडून बसलेली. माझ्या पीएचडीचा विषय होता एका चिमुकल्या बेटाची मध्यवर्ती बँक. तिथं महागाई वाढली की ती व्याजदर कधी नि कसे वाढवते, ते मी शोधत होते. बेट काही मी पाहिलेलं नव्हतं. पण भाजलेल्या कणकेच्या त्या उबदार वासात डोळे मिटले की तिथला समुद्र मला ऐकू यायचा.

काकू नात्यानं माझ्या कोणी नव्हत्या. काका गेल्यावर एकट्याच राहायच्या आणि आम्हा वीसेक विद्यार्थ्यांना पोळ्या करून विकायच्या. मुलगा देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, क्युपर्टिनोला. दर रविवारी फोनवर त्याचं एकच, "आई, इकडे ये राहायला." काकू मला म्हणायच्या, "सोन्यासारखा आहे गं तो, पण तिथं मी पाहुणी. इथं माझं घर आहे." त्या घराचं भाडं पोळ्यांवर निघत होतं, तोवरच हे चालणार होतं. आणि कणीक, तेल, भाडं, सगळंच वर चाललं होतं.

"भाव वाढवा की, काकू."

"पोरं काय म्हणतील? असं अचानक कसं सांगू?"

झालं! मी लगेच अक्कल पाजळली. "अचानक सांगायचंच नाही. माझी बँक बघा, आधी इशारा देते, मग दर बदलते. म्हणजे कोणी दचकत नाही. तुम्हीही दोन महिने आधी सांगून ठेवा."

काकूंनी माझं ऐकलं, तेच तर दुखतं. आम्हा पोळीवाल्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मेसेज गेला, मार्चपासून पोळी महागणार.

दचकलं कोणीच नाही. सगळ्यांनी मुकाट्यानं फ्रीझर भरायला घेतले. एकेकाची शंभर-शंभर पोळ्यांची ऑर्डर, जुन्या भावानं. मीही चार पाकिटं घेतली, मेलीला लाज कशी ती वाटली नाही. भाव वाढणार म्हटलं की माणूस आधीच खरेदी करून ठेवतो, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते! काकू पहाटेपासून लाटत बसायच्या. मनगट सुजलं, तर त्याला पट्टा बांधून लाटायच्या. महागाची कणीक स्वस्तात घालवत होत्या, आणि वर हरखून मला सांगायच्या, "एवढी मागणी कधीच नव्हती गं!"

मार्च उजाडला आणि ग्रुप गप्प. सगळ्यांचे फ्रीझर भरलेले, नव्या भावानं घेणार कोण? एप्रिलही तसाच गेला. गणपती करायला गेले आणि मारुती झाला. मे महिन्यात मुलगा आला आणि काकूंना घेऊन गेला. जाताना त्यांनी तवा माझ्या हातात दिला. "तिकडे नॉनस्टिक आहे," म्हणाल्या. मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

परवा त्यांचा फोन आला.

"माझ्या पोळ्या संपल्या का गं?"

फ्रीझरच्या तळाशी शेवटचं पाकीट होतं, बर्फानं पांढरं झालेलं. खायचा धीर मला झाला नव्हता. "आहेत काकू अजून," मी म्हटलं. "तुमचं मनगट कसं आहे?"

"अगदी बरं बघ. इथं मला कोणी काही करूच देत नाही."