मागच्या सीटवरची जाळी

आमच्या कायाकला दोन सीट आहेत. पुढची मुलीची, मागची माझी. पुढे बसणारी गळ टाकते, मागे बसणारी वल्हवते आणि मासा होडीजवळ आला की त्याच्याखाली हातजाळी घालते. हे कुणी ठरवलं नव्हतं. मुलीला शाळेत असतानाच मासेमारीचं वेड लागलं. तिला एकटीला पाण्यावर सोडायची माझी छाती नव्हती आणि घरात तिसरं कुणी नव्हतं. तिचे वडील आमच्यापासून वेगळे होऊन केव्हाच पुण्याला परतले होते. त्यामुळे शनिवारी ऑफिसचा लॅपटॉप मिटायचा आणि आल्मेरे या आमच्या डच गावातल्या तळ्यावर जायचं, असा आमचा नेम झाला. गळाला मी कधी हात लावला नाही. जाळी मात्र माझी.

आणि त्या कामात मी तरबेज होते, उगाच विनय कशाला. जाळी आधी पाण्यात बुडवून स्थिर धरायची आणि मासा डोक्याकडून आत येऊ द्यायचा. शेपटीकडून घ्यायला गेलात तर एका उसळीत तो पसार होतो. मुलगी पुढून ओरडायची, "नाऊ, आई, नाऊ!" आणि मी तिच्या खांद्यावरून जाळी पुढे घालायची. मग फोटो काढायचा आणि मासा परत पाण्यात. इथल्या मराठी मंडळींच्या जयंतीच्या कार्यक्रमात हे ऐकून एक वहिनी पोळ्या वाढता वाढता थांबल्या होत्या. "सोडून देता? मग पकडता कशाला?" मी हसून ताट पुढे केलं. खरं उत्तर असं होतं की तेवढा वेळ मुलगी माझ्यासमोर तीन हातांवर बसलेली असायची.

मग ती शिकायला ग्रोनिंगनला गेली. गेली म्हणजे काय, दोन तासांची ट्रेन. इथे सगळ्यांचीच मुलं जातात, त्यात रडण्यासारखं काय आहे, असं मी स्वतःला भांडी घासताना दरडावून सांगायची. तरीही शनिवारी सकाळी उठल्यावर काय करावं ते कळायचं नाही. मी सुपरमार्केटमध्ये जाऊन एकाच वांग्याला तीनदा हात लावायची. संध्याकाळी कळायचं की आज दिवसभरात आपण एक शब्दसुद्धा बोललो नाही.

जायच्या आधी तिने एक कबूल केलं होतं. पहिलं वर्ष संपलं की उन्हाळ्यात आपण दोघी स्वीडनला जायचं, तिथल्या समुद्राएवढ्या तळ्यात कायाकवरून सॅमन धरायचा. इथे आमच्या गळाला लागायचे ते स्नूक नाहीतर बार्स, इथल्या तळ्यांतले नेहमीचे मासे. सॅमन तिने फक्त व्हिडिओत पाहिलेला. मी ते कबूल केलेलं पदराला गाठ मारून ठेवलं आणि हिवाळाभर जाळीच्या मागे लागले.

जुनी जाळी सॅमनला पुरणार नव्हती. तिचं कडं लहान, मासा अर्धा बाहेर लोंबला असता. शिवाय ती गाठींच्या नायलॉनची. त्या गाठी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतात आणि सोडलेला मासा मग जगत नाही. गळाचे काटे तिच्यात अडकले की सोडवता सोडवता हात गोठायचे. म्हणून रबराची जाळी घ्यायची ठरवली. दुकानातला माणूस फार समजूतदार होता. त्याने आखूड दांड्याची जाळी पुढे केली, कायाकवर हीच बरी म्हणाला, एका हातात रॉड, दुसऱ्या हातात जाळी. मी म्हटलं, "मला लांब दांडा हवा. मी मागे बसते." तो म्हणाला, मासा ज्याचा, जाळीही सहसा तोच घालतो. मी म्हटलं, आमच्यात एक धरते आणि दुसरी झेलते. तो हसला आणि सगळ्यांत लांब दांडा काढून दिला.

तोही कमीच पडला. घरी मी दोन खुर्च्या एकामागे एक मांडल्या, मागच्या खुर्चीत बसले आणि जाळी पुढे धरून पाहिली. कडं पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंतच पोचत होतं. मग झाडूचा अॅल्युमिनियमचा दांडा आत सरकवून गोंद भरला, वर दोन रिबिटं ठोकली. पाण्यात पडली तर बुडू नये म्हणून पोहायच्या फोमची नळी चढवली. रबराची जाळी वाऱ्यावर फडफडून काट्यात अडकते, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून ती दांड्याशी बांधली, एका झटक्यात सुटेल अशी. बाजारात तुरी म्हणतात तसा हा प्रकार, पण त्या महिन्यांत मला संध्याकाळी घरी यायला कारण होतं.

मार्चमध्ये मी ती पाण्यावर नेऊन पाहिली. एकटीने मागे बसलं की कायाकचं नाक वर उचललं जातं आणि वारा ते हवं तिकडे फिरवतो. म्हणून पुढच्या सीटवर पाण्याचे दोन कॅन ठेवले. अर्धी भरलेली बाटली दोरीला बांधून पुढे सोडली आणि कॅनवरून जाळी घालून ती झेलायला लागले. काठावर कुत्रा फिरवणारा एक म्हातारा बराच वेळ उभा होता. शेवटी त्याने अंगठा वर केला. मीही केला. त्या आठवड्यात ऑफिसबाहेर माझं कुणाशी झालेलं बोलणं तेवढंच.

एप्रिलमध्ये मुलगी शनिवार-रविवारला आली. मी जाळी हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवली होती, आत शिरताच दिसेल अशी. तिने ती हातात घेतली, फोम दाबला, पट्टी ओढून पाहिली. "वाव, आई, धिस इज सो स्मार्ट." मग दांड्यावरून हात फिरवत ती टोकापर्यंत गेली.

"एवढा लाँग का?"

"अगं, मागून पोचायला नको?"

ती खाली बसली. "आई, आय डिडन्ट नो हाऊ टू टेल यू. स्वीडनला कॉलेजमधल्या दोघी येतायत. आम्ही तिघी. सगळ्यांना सिंगल कायाक, तिथेच रेंट करणार."

मी विचारलं, "पोळी आत्ता खाणार की नंतर?" राग आला होता, आणि तिचा चेहरा बघून तो काढायची सोय राहिली नव्हती. ती माझ्याइतकीच घाबरलेली होती.

जेवण झाल्यावर ती हळूच म्हणाली, "पण ही नेट मी नेऊ का? इट्स रिअली बेटर दॅन द शॉप वन."

मी तिला जमिनीवर पाय पसरून बसवलं, कायाकमध्ये बसतात तसं. डावा हात रॉड धरल्यासारखा वर करायला लावला, उजवा बाजूला ताणायला लावला. तिच्या मुठीच्या मागे दांड्यावर पेनने खूण केली. ती खूण कड्याच्या फार जवळ आली. गोंद आणि रिबिटांमुळे झाडूचा दांडा उपसता येणार नव्हता, म्हणून शेडमधली करवत आणली. "घट्ट धर," मी म्हटलं. तिने दोन्ही हातांनी धरला आणि मी कापला. कापलेली कड घासून गुळगुळीत केली, भोकात बाटलीचं बूच बसवलं. मासा डोक्याकडून घे, शेपटीकडून नाही, हे तिला पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "आय नो, आई." तिला माहीत होतंच. इतकी वर्षं तिच्या खांद्यावरूनच तर जात होती जाळी.

ती जुलैत गेली. मी फोन हाताशी ठेवून कामं करत होते. एका दुपारी मीटिंगमध्ये फोटो आला. रबराच्या जाळीत चंदेरी सॅमन, डोकं आत, शेपटी आत, सगळा बरोबर मावलेला. खाली लिहिलं होतं, "डिड इट ऑल बाय मायसेल्फ! हँडल इज परफेक्ट."

मी मीटिंगचा कॅमेरा बंद केला. मला आनंद झाला होता आणि अभिमानही वाटत होता, त्यात काही खोटं नव्हतं. पण त्याच्या आधी, फोटो उघडत असताना, दांडा चार बोटं तरी कमी पडलेला असू दे, असं माझ्या मनात येऊन गेलं होतं.