राणीचे वजन आणि शिरेतली भूल

"पायोमेट्रा," डॉक्टर म्हणाले. म्हणजे गर्भाशयात पू साठणे. "आजच ऑपरेशन करावं लागेल, नाहीतर ती जगणार नाही."

आमची कुत्री राणी टेबलावर डोळे मिटून पडली होती. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, आणि मी तिला मुळशीहून दुधाच्या टेम्पोतून पुण्याच्या जनावरांच्या दवाखान्यात आणले होते. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला.

दवाखान्यातला काटा बिघडला होता. डॉक्टरांनी वजन विचारले.

"पंचवीस किलो हाय," आबा म्हणाले. "भाताच्या गिरणीत तोललीया. आमची राणी लई दांडगी, सायेब."

ते वजन मागच्या वर्षीचे होते. महिनाभर ती नुसते पाणी पीत होती. पोट पुवाने फुगलेले, म्हणून भरलेली दिसत होती एवढेच. मला हे माहीत होते. पण परक्यासमोर आबांचे बोलणे खोडायचे नाही, ही घरची रीत. मी कागदावर पंचवीस लिहिले.

मदतनीस रजेवर होता. "कॉलेजात आहेस ना? मग मोजता येत असेल," असे म्हणून डॉक्टरांनी माझी बोटे तिच्या मांडीच्या आत, नाडीवर ठेवली.

थायोपेंटोन ही शिरेतून, वजनाच्या हिशेबाने द्यायची भूल. अर्धे औषध गेले आणि तिची मान पडली. नाडी बारीक झाली. मग एक ठोका गळला. मला भीती वाटली नाही. काहीच वाटले नाही. मी आकडे म्हणत होतो, आणि आकड्यांच्या मध्येच म्हणालो, "सर, ते वजन मागच्या वर्षीचं आहे."

डॉक्टरांनी औषध तिथेच थांबवले. श्वासनलिकेत नळी घालून फुग्याने हवा दिली, सलाइन जोरात सोडले. "या भुलीनं ब्लड प्रेशर उतरतं," ते म्हणाले. म्हणजे रक्ताचा दाब. "रोडावलेल्या जनावरात जास्तच. तू मोज. थांबू नकोस."

बऱ्याच वेळाने नाडी बोटांना नीट लागली. मग थोडी थोडी भूल देत ऑपरेशन झाले.

बाहेर बाकावर मी आबांना सगळे सांगितले.

"मंग तवाच का न्हाई बोल्लास?"

"तुमी सांगत हुता."

आबा उठून राणीला बघायला आत गेले.

राणी त्यानंतर चार वर्षे जगली. तुमच्यावर अशी वेळ आली तर जनावर त्याच दिवशी तोलून घ्या. वजन चुकीचे सांगितले जात असेल, तर सांगणारा कोणीही असो, तिथल्या तिथे बोला. डॉक्टरांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. तेव्हा मी त्यांचे आभार मानले नाहीत, सुचलेच नाही. ते इथे मानतो.