मागून वाजणारा सुका

भोपळा निवडत असेल तेव्हा सुकाच्या शेजारी उभं राहू नये. माणूस कंटाळून जाईल. घराच्या छपरावर चढवलेल्या वेलाला पाच-सहा भोपळे लागतात. ते वाळले की तो एकेकाला बोटाच्या पेराने ठोकतो, कान लावतो, मान हलवतो आणि पुन्हा पहिल्याकडे येतो. एवढं करून एखाद्या वर्षी एकही पसंत पडत नाही, आणि मग म्हणतो, "जुनाच चालंल."

त्या भोपळ्याचा तारपा होतो. वरून फुंकायचं, खालच्या बांबूच्या नळ्यांवर बोटं फिरवायची आणि टोकाच्या ताडपानांच्या कर्ण्यातून सूर बाहेर काढायचा. अवघड भाग पुढेच आहे. सूर तुटू द्यायचा नाही. गालात हवा धरायची, ती सोडता सोडता नाकाने नवी आत घ्यायची. बेटेगावच्या पलीकडच्या पाड्यांवर नाच म्हटला की गेली पस्तीस वर्षं सुकाच लागतो. मी एकदा प्रयत्न केला होता. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि सुकाची बायको तानी पोट धरून हसली.

मी विक्रम. वडील सांगलीकडून वीज केंद्राच्या नोकरीला आले, मी इथेच वाढलो. आता तारापूरच्या एका औषधाच्या कारखान्यात गेज आणि मीटर दुरुस्त करतो. चार महिने भात-नागलीचे सोडले तर सुका तिथे कंत्राटावर बागेला पाणी घालायचा. एका दुपारी पाण्याच्या नळीत फुंकून सूर काढताना सुपरवायझरने त्याला पकडलं. नळीचा दाब तपासायला मीच सांगितलं होतं, असं ठोकून देऊन मी त्याला सोडवलं. आमची ओळख अशी खोट्यावर झाली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढेही मी काही फार शहाण्यासारखा वागलेलो नाही.

मला पेडलचं वेड आहे. वाद्याचा आवाज माइकमधून एका छोट्या लोखंडी डबीत न्यायचा, पायाने कळ दाबायची, आणि आवाज बदलून बाहेर येतो. अशा डब्या एका फळीवर मांडल्या की झाला पेडलबोर्ड. कुंभवलीच्या माझ्या खोलीत कपड्यांपेक्षा या डब्या जास्त आहेत. म्हणून बोईसरचा गिटारवाला मनीष गिटार आणि तारप्याचा सहा गावांचा दौरा ठरवून आला, तेव्हा सुकाच्या तारप्याचा बोर्ड मांडायचं काम माझ्याकडेच आलं. सोबत तानी आणि पाड्यावरच्या सात बाया नाचायला जाणार होत्या.

अडचण एकच होती. गेल्या वर्षी सुकाला न्यूमोनिया झाला. तो उठला, पण दम पहिल्यासारखा राहिला नाही. वाजवता वाजवता सूर तुटायचा, क्षणभर काहीच यायचं नाही, मग पुन्हा सुरू. मनीष मनाने वाईट नाही, पण तिकीट काढून आलेल्या लोकांना तो भितो.

"काकांचा सूर तुटला तर मी रेकॉर्डिंग लावणार," तो म्हणाला. "काकांनी नुसता तारपा तोंडाला धरून उभं राहायचं."

सुका शांतपणे म्हणाला, "नुसता धरूनच उबा रायचा आसंल तर मी कशाला? भोपळा पाठवा गाडीतून."

मला ते लागलं. पस्तीस वर्षं ज्याच्या फुंकरीवर पाडे नाचले, त्याने नाटकातल्या भालदारासारखं उभं राहायचं? मी ठरवलं, सुकाच्या सुरातली ती फट कुणाला ऐकूच येऊ द्यायची नाही.

बोर्डवर जागा दोनच डब्यांची होती, एक रिव्हर्ब आणि एक डिले. रिव्हर्ब म्हणजे घुमारा. हॉलमधले पडदे आणि गालिचे आवाज गिळतात, तिथे थोडा घुमारा लागतोच. डिले म्हणजे वाजवलेला सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारी डबी. रिव्हर्ब सुकाने स्वतः निवडला. मोठ्या हॉलचा घुमारा ऐकून म्हणाला, "ह्यो टाकीतला आवाज." दुसरा थरथरणारा होता, त्याला म्हणाला, "ह्याला थंडी वाजते." तिसरा लहान खोलीचा, जेमतेम जाणवणारा. तो ऐकून म्हणाला, "ह्यो आमच्या खळ्यातला."

डिलेचे तीन नमुने मी चटईवर मांडले. सुकाने एकेकाला पेराने ठोकून कान लावला.

"हे तर समदं भरीव हाय. ह्यात सूर रायचा कुठं?"

मी हसण्यावारी नेलं आणि डिले मीच निवडला. पहिल्याचे पडसाद काचेसारखे स्वच्छ होते, लगेच कळले असते. दुसरा किंचित डगमगत होता. तिसऱ्याचे पडसाद मंद आणि धुरकट होते. तारपा चालू असताना ते त्याखाली दडायचे, आणि सूर तुटला की बरोबर त्या फटीत भरायचे. मी स्वतःवर खूश झालो. सुकाला सांगितलं, "काका, यानं आवाजाला अंग येतं." तेही खरंच होतं. दमाचं काही बोललो नाही.

तालीम एका रविवारी सकाळी बोईसरच्या एका हॉलमध्ये झाली. या नाचात कुणी आकडे मोजत नाही, कुणी हाळी देत नाही. बाया एकमेकींच्या कमरेला धरून रांग करतात, पाठ तारप्याकडे कधी करत नाहीत, आणि तारप्याने चाल बदलली की त्याच क्षणी पाय बदलतात. रांगेच्या तोंडाशी घुंगरांची काठी घेऊन तानी होती. सुका रांगेबरोबर फिरत असल्यामुळे माइक बिनवायरचा होता आणि बोर्ड कडेला माझ्या पायाशी. पहिल्या चालीत सुकाचा दम दोनदा तुटला. कुणाला कळलं नाही. मनीषने मला लांबून अंगठा दाखवला.

मग सुकाने चाल बदलली आणि तानीचा पाय चुकला. मागच्या सातजणी एकमेकींवर आदळल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"नाचता येईना अंगण वाकडं," मनीष हसत म्हणाला.

सुका चिडला. "तानी, ध्यान कुठं हाय तुजं?"

"दोन सुका वाजवतात," तानी म्हणाली. "एक फुडं गेला, एक मागंच जुनी चाल वाजवत रायला. कोनाचं आयकू?"

कुणाला काही उमगलं नाही. मनीषने सुचवलं की तानीमावशींनी रांगेत मागे जावं, पुढे एखादी तरुण बाई घेऊ. सुकाने खाली बघत हात पुढे केला. "दे काठी." तानीने काठी दिली. तिच्या तोंडावर राग नव्हता. आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं तिलाही वाटायला लागलं होतं, आणि ते मला बघवेना.

अंगण खरंच वाकडं होतं. ते मी केलं होतं: सुकाने चाल बदलली तरी डिले मागून जुनीच चाल वाजवत होता. सुकाची लाज झाकायला निघालो आणि ती आयती तानीच्या डोक्यावर आणून ठेवली.

"मावशी चुकल्या नाहीत," मी म्हणालो. "काका, इथे या. स्पीकरसमोर वाजवा, आणि एकदम थांबा."

सुका वाजवायला लागला. मग त्याने तारपा तोंडापासून काढला. स्पीकरमधून तो वाजतच राहिला, मंद, धुरकट, एकदा, दोनदा, तीनदा.

"मी थांबलो ना?" सुका म्हणाला. "मंग ह्यो कोन?"

मी बोर्डवरच्या डिलेकडे बोट केलं. उत्तर त्यानेच दिलं. "माजा दम लपवाया आनलास."

"हो काका."

तो खाली बसला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. "तारपा मागं जात नाय, विक्रम," एवढंच म्हणाला. तानीने पुढे होऊन त्याने बाजूला ठेवलेली काठी उचलली आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली. "दम लागंल तवा दम घे. आमी थांबू. कुठं पलून चाललोय?"

मनीष तयार नव्हता. शेवटी ठरलं की पहिला कार्यक्रम असाच करायचा, आणि फसला तर पुढच्या पाच गावांत रेकॉर्डिंग. मी डिले बंद केला, पण बोर्डवरच राहू दिला. म्हटलं, वेळ पडली तर असावा.

नाशिकचा हॉल भरलेला होता. पहिल्या दोन चाली निभावल्या. तिसऱ्या चालीत सुकाचा दम तुटला, आणि तो याआधी कधी नव्हता इतका तुटला. सूर गेला तो येईचना. मनीष गिटारवरून माझ्याकडे डोळे वटारत होता. माझा पाय डिलेच्या कळीवर गेला.

तेवढ्यात तानीने माझ्याकडे बघितलं. गुडघे वाकवून, काठी उचललेली तशीच धरून ती थांबली होती, आणि तिच्यामागे सातजणी तशाच थांबल्या होत्या. एकीचाही पाय जमिनीवर वाजला नाही. मी पाय मागे घेतला.

माइक सुकाच्या तोंडाजवळच होता, आणि खळ्यातला घुमारा चालू होता. अख्ख्या हॉलने एका म्हाताऱ्या माणसाला श्वास घेताना ऐकलं. लांब, घरघरत, पार शेवटपर्यंत. मग सूर आला, नवीच चाल घेऊन आला, आणि तानीची काठी त्याच क्षणी खाली आपटली. मी कडेला अंधारात उभा राहून रडत होतो, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

मनीषने रेकॉर्डिंगचा विषय पुन्हा काढला नाही. दुसऱ्या गावी जाताना मी डिले काढून पिशवीत टाकला. सुका बोर्डकडे बघत होता. डबी जिथून निघाली होती तिथे त्याने पेराने ठोकलं, कान लावला आणि म्हणाला, "आता पोकल झाला. आता चालंल."