डेमोवाला धम्मपाल

दोन हजार एक साली राजारामपुरीतले कॉम्प्युटर क्लासवाले धम्मपाल कांबळेला जरा बिचकून असायचे. माणूस तसा गरीब स्वभावाचा. शिरोली एमआयडीसीतल्या एका लोखंड ओतायच्या फाउंड्रीत टाइम ऑफिसला हजेरी मांडणारा कारकून, अंगानं किडकिडीत, बोलणं मऊ. पण क्लासच्या दाराशी ‘मोफत डेमो’ अशी पाटी दिसली की हा चपला काढून आत.

त्याला कारण होतं. फाउंड्रीत नवे कॉम्प्युटर आले होते आणि ते एकमेकांना जोडायला पुण्याहून माणूस यायचा. तो वायरींत डोकं घालून बसला की धम्मपाल शेजारी उभा राहून बघत राहायचा. शेवटी मॅनेजर म्हणाले, “नुसतं बघतोस कशाला? नेटवर्किंगची सर्टिफिकेटची परीक्षा दे. पास झालास तर हे काम तुझं.”

परीक्षा द्यायची म्हणजे क्लास लावायला हवा, आणि क्लास तर गल्लोगल्ली. धम्मपालनं ठरवलं, बघितल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

पहिल्या क्लासला एसी होता, काचेचं दार होतं, आणि कॉम्प्युटरांवर प्लॅस्टिकची झाकणं होती. धम्मपालनं झाकण उचलून बघितलं, तर काउन्सेलर बाई घाईनं म्हणाल्या, “धूळ बसते, सर.”

“मग शिकवताना काय करताय?”

“शिकवायचे सर पुण्याहून येतात. शनिवारी.”

या काउन्सेलर म्हणजे प्रीती सावंत. बोलणं गोड, आवाज खणखणीत. “कोर्स संपला की नोकरी पक्की,” असं त्यांनी सांगितल्यावर धम्मपाल म्हणाला, “तशी नोकरी लागलेला एखादा माणूस दावा की.” प्रीतीनं आतल्या एका तरुणाला हाक मारली. तो इथलाच जुना विद्यार्थी होता आणि त्याला नोकरी खरंच लागली होती. याच क्लासमध्ये, पत्रकं वाटायची.

धम्मपाल आभार मानून उठला.

असे क्लास तो बघत गेला. एका ठिकाणी मशीन एक आणि पोरं सहा. दुसऱ्या ठिकाणी मशीन भरपूर, पण डेमो सुरू असताना वीज गेली आणि सरांनी अंधारात इंटरनेटच्या भविष्यावर भाषण ठोकलं. घरी आई पारूबाई वैतागली. “आरं, लगनासाठी पोरी बघाय सांगितलं तर एक घर बघून दमलास. आनि क्लास बघत गावभर हिंडतोयस व्हय?”

“आई, पोरीनं नापास केलं तर बोल तिला लावता येतोय. परीक्षेत नापास झालो तर बोल माज्यावरच,” धम्मपाल म्हणाला. पारूबाईला ते काही पटलं नाही.

पावसाळा संपता संपता तो शाहूपुरीतल्या एका क्लासला गेला. टेबलामागं प्रीतीच बसली होती. तिनं नोकरी बदलली होती. त्याला बघून ती आधी ओशाळली, मग हसायलाच लागली.

“पावणं, तुम्ही अजून फिरतायच काय?”

“तुमीबी फिरतायच की, मॅडम.”

प्रीतीनं आतल्या दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. “खरं सांगू? माझ्या भावाला मी इथं न्हाय घातलेला. पलीकडच्या गल्लीत पिठाची गिरणी हाय, तिच्या माडीवर जावा.”

माडीवरच्या क्लासला ना काच, ना एसी. खाली गिरणी सुरू झाली की टेबलं थरथरायची आणि कीबोर्डवर पिठाचा थर बसायचा. कॉम्प्युटर सगळे उघडे, पोटातलं बाहेर काढून ठेवलेले. पोरं जमिनीवर बसून स्वतः वायरी जोडत होती. मगदूम नावाचे सर त्यांच्यातच मांडी घालून बसलेले. धम्मपालनं मॅनेजरांच्या मशीनचं एक दुखणं विचारलं. सरांनी डोकं खाजवलं.

“न्हाय माहीत. बसा, बघूया.”

इतक्या क्लासांत हे वाक्य धम्मपालनं पहिल्यांदाच ऐकलं. गिरणी बंद होईपर्यंत दोघं तिथल्याच एका मशीनवर खटपट करत बसले. दुखणं सापडलं नाही, पण धम्मपालनं तिथंच नाव घातलं.

पुण्याला जाऊन दिलेल्या पहिल्या परीक्षेत तो नापास झाला. पुण्याहून परतताना एसटीत त्याचा चेहरा इतका पडला होता की कंडक्टरनं विचारलं, “कोन गेलं?” दुसऱ्या दिवशी सर एवढंच म्हणाले, “कुठं अडकला?” आणि अडकलेला भाग दोघांनी पुन्हा पहिल्यापासून घेतला. दुसऱ्या खेपेला तो पास झाला. पारूबाईनं गल्लीत पेढे वाटले, आणि कशाचे ते विचारणाऱ्यांना “वायरीचे” म्हणून सांगितलं.

मॅनेजरांनी शब्द पाळला. धम्मपालनं ऑफिस आणि स्टोअर जोडलं, आणि सगळे भोवती जमले असताना ऑफिसातून पहिला निरोप पाठवला. पडद्यावर स्टोअरचं उत्तर बराच वेळ आलं नाही. त्यानं वाकून वायर पुन्हा दाबून बघितली. इतक्यात स्टोअरचे म्हातारे आकाराम सगळं आवार ओलांडून धापा टाकत दारात आले.

“धम्मपाल, तुजं पोचलं बग,” ते म्हणाले. “म्हटलं, जाऊन सांगावं.”