आत्तोबांची जर्मन गाडी

अख्ख्या बडोद्यात जर्मनीचे नियम पाळून गाडी चालवणारा माणूस आजवर एकच झाला, आणि ते म्हणजे माझे आत्तोबा. राँग साइडने जाणारे आपल्याकडे ढीगभर, पण अभ्यास करून राँग साइडने जाणारे हे एकटेच. वासणा भागात त्यांच्या सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर, दुपारी सगळे जेवून आडवे झाले की हे उजव्या कडेने फेऱ्या मारायचे, आणि वॉचमन प्रत्येक फेरीला खुर्चीतून अर्धा उठून परत बसायचा, कारण सेक्रेटरीसाहेबांनाच राँग साइड म्हणून अडवायचं कसं. मेन रोडवर हा प्रयोग आत्याने होऊ दिला नाही, म्हणून हे लिहायला मी शिल्लक आहे. शेजारच्या सीटवर मी असायचे ना.

झालं असं की ताई, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, जर्मनीत नोकरीला आहे, एकटी राहते. उन्हाळ्यात या दोघांनी तिच्याकडे जायचं ठरलं तेव्हा ती फोनवर सहज बोलून गेली की आठवडाभर ऑफिसला गाडी चालवून जीव जातो, आता शनिवार-रविवारी तुम्हाला फिरवायला चालवेन. झालं. शाळा, क्लास, गरबा, स्टेशन, सगळीकडे तिला यांनीच सोडलेलं, यांनीच आणलेलं. "तू कशाला फिरवतेस? मी येऊन तुला फिरवणार," म्हणाले. ताई म्हणाली, आधी तिकडचे नियम शिका, मग किल्ली देईन. आत्तोबा मुळातच एका जागी न बसणारे, रिटायर झाल्यापासून चहासुद्धा येरझाऱ्या घालत पितात, त्यात आता हे किल्लीचं वेड शिरलं.

त्यांनी सगळ्यात आधी हॉर्न सोडला. जर्मनीत उगाच हॉर्न वाजवत नाहीत म्हणे, त्यामुळे पुढच्या स्कूटरवाल्याला बाजूला करायला हे काच खाली करून नमस्कार करायचे. मग आला उजवीकडचा नियम. सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. एकदा फतेगंजला आतल्या एका चौकात आम्ही थांबलो आणि उजवीकडून माणसं संपेचनात. रिक्षा गेली, दोन अ‍ॅक्टिव्हा गेल्या, उसाच्या रसाची गाडी गेली, मग तीच रिक्षा पॅसेंजर उतरवून परत आली. आम्ही तिथेच. रिक्षावाल्याने काळजीने आत डोकावून विचारलं, "काका, गाडी बंध पडी गई? धक्को मारूं?" आत्तोबांनी त्याला नियम समजावून सांगितला. मी खाली वाकून चपलेचा बंद बघत बसले.

पण कळस म्हणजे पार्किंगचं घड्याळ. तिकडे काही ठिकाणी गाडी लावली की आपण किती वाजता आलो ते पुठ्ठ्याच्या निळ्या तबकडीवर लावून काचेमागे ठेवायचं असतं. आत्तोबांनी मिठाईच्या खोक्यातून तशी तबकडी कापली, निळी रंगवली, आणि मांडवीला एका साडीवाल्याच्या दुकानासमोर गाडी लावून ती काचेमागे ठेवली. साडीवाला बाहेर आला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला की काका, तुमचं घड्याळ बंद पडलंय. यांनी त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्याने अगदी शांतपणे ऐकून घेतलं. "बहु सारु, काका. पण गाडी आगळ लो ने." म्हणजे दुकानासमोरून पुढे घ्या.

तर हे गेले. इंटरनॅशनल परमिट शर्टाच्या वरच्या खिशात, बाहेर दिसेल असं. ताईने विम्यात नाव घातलं, शेजारी बसून परीक्षा घेतली आणि खरंच किल्ली दिली. आत्तोबा सुपरमार्केटला जाऊन आले, एकही चूक नाही. घरासमोर उतारावर गाडी लावली, पिशव्या घेऊन आत आले, आणि खिडकीतून आत्याला दिसलं की गाडी हळूहळू मागे निघालीय. ती शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्याला टेकून थांबली. कुणाला काही लागलं नाही, डबा तेवढा आडवा. ताईने विचारलं की बाबा, हँडब्रेक का नाही लावलात? तर आत्तोबा म्हणाले, "अगं, मागे कुणाची गाडी अडकली तर? त्याला ढकलता यायला नको?"

आपल्या सोसायटीत हे सगळे करतात ने. आडवी गाडी लावायची तर न्यूट्रलमध्ये, ब्रेक न लावता, म्हणजे ज्याला निघायचंय तो ढकलून निघतो. हा कुठला नियम नव्हे, शेजारधर्म आहे, आणि तो विसरायची प्रॅक्टिस त्यांनी केलीच नव्हती.

ताई रागावली नाही. फक्त म्हणाली, "बाबा, इथे कुणी कुणाच्या गाडीला हात लावत नाही."

आत्तोबांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि नंतर एकदाही मागितली नाही. ताईच फिरवत राहिली. आत्या सांगते, शेजारच्या सीटवर हे इतके गप्प असायचे की तिला वाटायचं तब्येत बिघडली.

परतीच्या दिवशी मात्र ताईने स्वतःहून किल्ली त्यांच्या हातात दिली. डोकं दुखतंय, तुम्हीच चालवा म्हणाली आणि हायवेला लागेपर्यंत काचेला डोकं टेकून झोपूनही गेली. ती जागी झाली तेव्हा एअरपोर्टचा फाटा मागे राहिलेला, पुढून केवढा वळसा घ्यावा लागला. ताई अजून हसून सांगते की बाबांना एवढा मोठा बोर्ड दिसला नाही.

परवा मी त्यांना छेडलं, की आत्तोबा, सगळे नियम पाठ आणि बोर्डच चुकला? ते गाडी पुसत होते. पुसतच राहिले.

"दिसला होता गं," म्हणाले. "पण ती झोपली होती. वळलो असतो तर लगेच पोचलो असतो."